रहाडीचा सदरा

कोंडपेठेत कुणालाही विचारलंत तर तो सांगेल की ही गोष्ट होऊन गेली. पंचांगात पाहाल तर ती अजून व्हायची आहे. दोघांत खरं कोण, या भानगडीत आपण पडायला नको. कोंडपेठेची माणसं मुळातच थोडं पुढचं बोलतात, आणि पुढे तसंच घडतं, असा आजवरचा अनुभव आहे.

तर भिकाजी तांबट. वय सत्तरीच्या पलीकडे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. सगळं गाव त्यांना भिकातात्या म्हणे. तांब्याची भांडी ठोकण्यात हयात गेल्यामुळे साधं ‘चहा घेणार का’ हेसुद्धा ते पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत. माघार हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. एकदा चुकीच्या एस.टी.त बसले, तर कंडक्टरनं सांगूनही उतरले नाहीत. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे भेळ खाल्ली आणि ‘मला इथंच यायचं होतं’ असं सांगत परत आले.

या तात्यांकडे गावच्या रहाडीचा मान होता. रहाड म्हणजे नदीकाठच्या चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर त्याच्यावर सागवानी फळ्या आणि फळ्यांवर माती. वरून टेम्पो गेला तरी खाली हौद आहे हे परक्याला कळायचं नाही. रंगपंचमीला माती उकरायची, फळ्या उचलायच्या, हौद पळसाच्या केशरी रंगानं भरायचा, आणि मानकऱ्यानं पहिली उडी मारली की मागोमाग अख्ख्या गावानं धपाधप आत पडायचं. बाहेर निघताना कोण सावकार, कोण भाजीवाला हे ज्याच्या त्याच्या बायकोलाही ओळखता येत नसे.

रंग शिजायचा तांबटांच्या अंगणात. कच्चा रंग रहाडीत पडला असं कधी झालं नव्हतं. आदल्या दिवशी मोठा तांब्याचा हंडा चुलाणावर चढायचा, त्यात पळसाची फुलं पडायची, आणि फुलांबरोबर मानकऱ्याचा सदरा, धोतर आणि टोपीसुद्धा. हा जोड रहाडीचाच. तात्यांच्या वडिलांपासून चालत आलेला, ठिकठिकाणी ठिगळं लावलेला, साबण कधी न पाहिलेला. मागच्या साली प्यायलेला रंग तो यंदाच्या रंगात ओतणार, म्हणजे रहाडीचा रंग कधी तुटत नाही, अशी समजूत. खळखळून उकळी आली की जोड दांड्यानं वाफाळताच बाहेर काढायचा, वरून कढत पाणी ओतून पिळायचा आणि अंगणातल्या तारेवर टाकायचा. घरात न्यायचा नाही, घरच्या कपड्याला लावायचा नाही. रंग मात्र रात्रभर हंड्यात निवत ठेवायचा.

आता असं झालं, की घाट, चौक आणि नदीकाठ एका व्यवस्थापन कंपनीला चालवायला दिला गेला. कंपनीनं कारंजी लावली, बाकं मांडली, बाकांवर आडवं होता येऊ नये म्हणून मध्ये लोखंडी दांडे बसवले. मग तिचं लक्ष चौकाकडे गेलं. चौकात फरशी घालायची होती आणि फरशीखाली पोकळ हौद परवडणार नव्हता. दिवाळी सरली आणि एका सकाळी काँक्रीटची गाडी येऊन उभी राहिली.

तात्यांनी रहाडीचा जोड अंगावर चढवला. रंगपंचमीखेरीज तो आयुष्यात पहिल्यांदाच चढला. जाऊन फळ्यांवर उभे राहिले. तासाभरात त्यांच्यामागे निम्मी तांबटआळी आणि चतकोर गाव.

कंपनीच्या पहारेकऱ्यांनी लाठी उचलली नाही. एक नळी आणली आणि सगळ्यांवर पाणी मारलं. वास नाही, रंग नाही, नुसतं गार पाणी.

“वा,” तात्या ओरडले, “घाम निवला. पाठीवरही मारा की.”

पहारेकऱ्यांनी पाठीवरही मारलं. गाडी त्या दिवशी परत गेली आणि गावानं पेढे वाटले. खरा प्रकार दुसऱ्या दिवशी कळला. चौकाच्या तोंडाशी कंपनीनं एक कमान उभी केली होती, तिच्यातून जांभळा उजेड पडायचा. काल भिजलेला माणूस आज कमानीखालून गेला की त्याचे कपडे दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखे निळे उजळायचे आणि कमान कोकलायची. बाहेर. वर्षभर आत पाय नाही.

लोकांनी कपडे बदलले. कमान कोकलली. धुऊन, वाळवून, इस्त्री करून पाहिलं, तरी कोकलली. त्या पाण्यानं लावलेली खूण भिजल्या सदऱ्यातून टॉवेलात, टॉवेलातून चादरीत, चादरीतून साऱ्या घराच्या सुती कपड्यांत सरकत गेली होती. टेरिलीन घातलं तर मात्र कमान गप्प.

प्रकरण कोर्टात गेलं. तिथे कंपनीनं छातीठोकपणे सांगितलं, आम्ही कुणाचं तोंड पाहत नाही, नाव विचारत नाही, आमच्याकडे भेदभाव नाही. कमान वाजली तर बाहेर, नाही वाजली तर आत, मग तो कुणी का असेना. कोर्टानं ते मान्य केलं आणि रहाडीबद्दल निकाल दिला : मानकरी स्वतः, परंपरेच्या वेशात, परंपरेच्या पद्धतीनं, तहसीलदारांसमक्ष दरवर्षी रहाड उघडील तोवर ती राहील. एक वर्ष जरी चुकलं तरी प्रथा मोडली असं धरून हौद बुजवावा.

परंपरेचा वेश म्हणजे तोच जोड. आणि त्या जोडावर इतकी खूण होती की तात्या नुसते कमानीच्या दिशेनं खाकरले तरी ती वाजली असती.

कंपनीचा मॅनेजर सांडभोर एकदा स्वतः तांबटआळीत आला. गोड माणूस. बोलताना डोकं एका बाजूला कलतं करायचा.

“तात्या, वाद कशाला? आम्ही तुम्हाला एक टी-शर्ट देतो. टेरिलीनचा. कमान वाजणार नाही. तुम्ही आत या, फोटो काढू, मजा करू.”

टी-शर्टच्या छातीवर कंपनीचं चिन्ह होतं, ताटाएवढं.

“आणि मग कोर्टात सांगायचं की म्हातारा परंपरेच्या वेशात नव्हता,” तात्या म्हणाले. मग बायकोला हाक मारली, “यमुने, ह्यांना चहा दे. साखर घालू नको, आधीच भरपूर आहे.”

सांडभोर हसला, चहा प्यायला आणि टी-शर्ट ओट्यावर ठेवून गेला. तात्यांनी त्यानं हंड्याची काजळी पुसली. बरी निघते म्हणाले.

रंगपंचमी परवावर आली तशी आळी हवालदिल झाली. तात्यांना विचारलं, काय करणार, तर ते म्हणत, “जाणार. सदरा घालून जाणार. वाजू दे.”

“आणि अडवलं तर?”

“तर अडवू दे. तहसीलदारासमोर अडवू दे.”

“आणि रहाड बुजवली तर?”

यावर तात्या हातोडी उचलून काहीतरी ठोकायला लागत.  त्या आठवड्यात आळीतल्या कुणाच्याही घरात पोचा पडलेलं भांडं उरलं नाही.

आणि अशा वेळी पुण्याहून इंदू आली.

इंदू म्हणजे डॉक्टर इंदुमती तांबट, तात्यांची धाकटी बहीण. औषधं देणारी डॉक्टर नव्हे, प्रयोगशाळेतली. तात्या दिवाळीपासून तिच्याशी बोलत नव्हते. कारण खूण-पाण्यातली मुख्य वस्तू इंदूच्या हातची आहे, हे वर्तमानपत्रात छापून आलं होतं, फोटोसकट. भावाच्या सदऱ्यावर बहिणीचीच करामत चिकटली होती.

ती आली तेव्हा तात्या अंगणात हंड्याचं बूड ठोकत बसले होते. तिनं पिशवीतून दुधाच्या किटलीएवढा डबा काढून ओट्यावर ठेवला.

“दादा, थांब जरा. बोलायचंय.”

तात्यांनी ठोकणं थांबवलं नाही. यमुनाबाई म्हणाल्या, “बोल गं तू. ऐकतात ते. नुसतं दाखवत नाहीत.”

“मी ते पोलिसगिरीसाठी नव्हतं केलं,” इंदू म्हणाली. “रंगाऱ्यांच्या भट्ट्यांमधून नदीत रंग जातो ना, तो थांबावा म्हणून केलं. रंग कापडाला इतका घट्ट बसावा की पाण्यात उतरूच नये.”

ठण्, ठण्.

“मातीत एक जिवाणू असतो, दादा. पालापाचोळा, लाकूड, कापूस, असलं खातो. दिसतं वेगवेगळं, पण या सगळ्यांत एकच माल. साखरेच्या कड्या एकीला एक जोडून केलेल्या लांबच लांब माळा, आणि माळेला माळ चिकटून बसलेली. ती कापायला जिवाणू एक कात्री तयार करतो. पण ओल्या मातीत कात्री नुसती सोडली तर वाहून जाईल. म्हणून त्या एकाच प्रथिनात दोन घडीव भाग असतात. एका टोकाला कात्री, दुसऱ्या टोकाला पंजा, मध्ये दोरी. पंजा कापत नाही, तोडत नाही, त्याचं काम एवढंच, धरून ठेवणं. तळवा सपाट. तळव्यावर तीन चकत्या एका रांगेत. त्यांच्यातलं अंतर आणि कापसाच्या कड्यांमधलं अंतर बरोबर जुळतं. चकती कडीवर बसली की बसली. लोकर, रेशीम, तुझी कातडी, टेरिलीन, तिथे तशी कडीच नाही, म्हणून पंजा घसरतो.”

“घसरत नाही तो फक्त माझ्या सदऱ्यावरून,” तात्या हंड्याला म्हणाले. दिवाळीनंतर बहिणीच्या कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य.

इंदूनं ते पदरात पाडून घेतलं आणि पुढे चालू ठेवलं. “मी कात्री काढली आणि तिथे रंग बांधला. कंपनीनं परवाना घेऊन रंग काढला आणि तिथे दिवा बांधला. जांभळ्या उजेडात निळा दिसणारा. कमान इतकी बारीक पाहते की कपड्यावर चिमटीच्या चिमटीएवढी खूण असली तरी पुरे.”

“आणि ह्या डब्यात?” यमुनाबाईंनी विचारलं.

“कोरा पंजा. कात्री नाही, रंग नाही, दिवा नाही. वहिनी, एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात की नाही? तसं. दिवेवाले पंजे कापडावर अगदी खिळलेले नसतात, अधूनमधून उठतात, सरकतात. तेवढ्यात तिथे कोऱ्यानं रुमाल टाकला की दिवेवाला उभाच. कोरे हजारपट जास्त असले की दिवेवाल्यांना बसायला जागाच नाही. गार पाण्यात हा डबा ओतायचा, जोड भिजत घालायचा, दोनदा पाणी बदलायचं. सदरा स्वच्छ. दादा कमानीखालून जाईल आणि कमान हूं की चूं करणार नाही.”

यमुनाबाईंचे डोळे भरून आले. दारातून डोकावणारी आळी आनंदली. तात्यांनी मात्र हातोडी खाली ठेवली, आणि ते लक्षण चांगलं नव्हतं.

“म्हणजे धुऊन जायचं.”

“हो.”

“मी तिथे उभा होतो, इंदे. फळ्यांवर. त्यांनी मारलं ते पाणी मी अंगावर घेतलंय. ते पुसून, मी नव्हतोच बुवा, असं तोंड करून आत शिरायचं? चोरासारखं? ती खूण त्यांनी मला लाज वाटावी म्हणून केली. मला नाही वाटत. माझ्या सदऱ्यावर बापाच्या वेळचा रंग आहे, माझ्या वेळचा आहे, आता हीसुद्धा आहे. राहू दे.”

“रहाड जाईल, दादा.”

“जाईल तर लढून जाईल.”

“हट्टी आहेस.”

“आणि तू हुशार आहेस. बघ काय झालं त्यानं.”

हे वाक्य इंदूला लागलं.  तिनं तारेवरच्या जोडाकडे पाहिलं, चुलाणाकडे पाहिलं, मग हंड्याकडे. आळीतली माणसं पुढे शपथेवर सांगायची की त्या वेळी तिच्या ओठाचा कोपरा हलला. पण आळीतली माणसं काय, शपथेवर काहीही सांगतात.

“बरं,” ती उठत म्हणाली. “डबा ठेवून जाते. वापर, नको वापरू. एक मात्र ऐक. उकळायचं नाही.”

“काय?”

“हा कोरा पंजा साध्या मातीतल्या जिवाणूचा आहे. उकळलास तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा शिजून फुकट जाईल. आणि दिवेवाला आहे, रंगाच्या भट्टीत टिकावा म्हणून मी निवडलेल्या, गरम पाण्याच्या झऱ्यातल्या तसल्याच जिवाणूचा. तो उकळीला भीत नाही. उकळीत तो नुसती पकड सोडतो, पाण्यात तरंगत राहतो, आणि पाणी निवलं की जे पहिलं सुती कापड भेटेल त्याला धरतो. म्हणून सांगते, जोड उकळू नकोस. यंदा नाही. वहिनी, तुम्हीही ऐकलंत ना? उकळायचं नाही.”

“ऐकलं,” यमुनाबाई म्हणाल्या.

तात्यांनी ‘उकळायचं नाही’ एवढंच ऐकलं. अलीकडचं आणि पलीकडचं रागाखाली गेलं. रहाडीच्या मानकऱ्याला त्याच्याच अंगणात, त्याच्याच हंड्याशेजारी उभं राहून, रंग उकळू नको म्हणून कुणी सांगितलं होतं? त्यांच्या कानाच्या पाळ्या तांब्यासारख्या लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा चढला. पळसाची फुलं पडली. त्यावर सदरा, धोतर, टोपी. आणि तात्यांनी आजूबाजूला पाहून, सगळ्यांना नीट दिसेल अशा बेतानं, इंदूचा डबाही वरून हंड्यात उपडा केला.

“अहो, पोरीनं एवढ्या लांबून आणलं,” यमुनाबाई कळवळल्या.

“मग? टाकलाच ना वापरात.”

चुलाण पेटलं. उकळी फुटली तशी वर पांढुरकी साय धरू लागली. यमुनाबाईंनी ती झाऱ्यानं काढून परसात टाकली. कोऱ्या पंजांची फौज तिथे आळूच्या बुडाशी संपली. मांजरानं हुंगलं आणि सोडून दिलं.

ऐन उकळीत तात्यांनी दांड्यानं जोड बाहेर काढला. वाफा निघत होत्या. वरून कढत पाणी ओतून पिळला, झटकला, तारेवर टाकला. रंग निवायला ठेवला. सगळं जसं दरसाल तसं. तात्यांना फार बरं वाटलं. उद्या काय व्हायचं ते होईल, रंग तरी कच्चा नव्हता.

रंगपंचमी उजाडली. मानकऱ्यानं जोड चढवला. रिवाजाप्रमाणे हंड्यातला गार केशरी रंग घागरींत भरला गेला आणि मिरवणूक निघाली. पुढे तात्या, कोरडे. मागे यमुनाबाई, हातात तांब्या. आता हा कोंडपेठेचा दुसरा रिवाज : रहाडीकडे निघालेल्या कुणीही कोरडं जायचं नाही. तांबटांच्या घरची बाई वाटेत भेटेल त्याच्यावर तांब्याभर रंग ओतते, आणि ज्याच्यावर ओतला तो हात जोडतो. मानकऱ्यावर सगळ्यांत शेवटी, रहाडीच्या कडेला.

यमुनाबाईंनी आळी भिजवली. पेठ भिजवली. दवाखान्याच्या पायरीवरचा कंपाउंडर भिजवला, बँकेतून डोकावणारा कॅशियर भिजवला. पोरंटोरं पिचकाऱ्या भरभरून पुढे धावत होती. सगळे पांढऱ्या, जुन्या, सुती कपड्यांत, कारण रंगपंचमीला नवं घालतो कोण.

कमानीच्या अलीकडे मांडव होता. तिथे तहसीलदार होते, पांढरा खादीचा बुशकोट घालून, आणि सांडभोर होता. फोटो चांगले यावेत म्हणून त्यानं परीटघडीचा सुती झब्बा चढवला होता. त्याचे पहारेकरीही रांगेत उभे होते, कडक स्टार्चच्या गणवेशात.

यमुनाबाई तांब्या घेऊन पुढे झाल्या. सांडभोरनं डोकं कलतं करून हात जोडले. “वहिनी, परंपरेचा आम्हालाही आदर आहे.”

“म्हणूनच,” असं म्हणून त्यांनी तांब्या त्याच्या डोक्यावरून ओतला. मग तहसीलदारांवर, आणि मग पहारेकऱ्यांच्या रांगेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत. परंपरा म्हटल्यावर कुणाला काही बोलता येईना.

मग सगळे थांबले. तात्या कमानीसमोर एकटे उभे होते.

त्यांनी छाती पुढे काढली. रात्रभर घोकलेलं भाषण जिभेवर आणलं. कमान वाजली की काय म्हणायचं, पहारेकऱ्यानं दंड धरला की काय म्हणायचं, सगळं तयार होतं. जांभळ्या उजेडात त्यांनी पाऊल टाकलं.

कमान गप्प.

तात्या तसेच उभे राहिले. एक पाऊल मागे आले, पुन्हा आत गेले. सदऱ्याची बाही उजेडात धरली, टोपी काढून धरली. धोतराचा सोगा हलवला. कमान जशी काही मेलीच होती. तात्यांचा चेहरा पडला. एवढी तयारी करून लग्नाला जावं आणि मांडवात कुत्रं नसावं, तसं त्यांना झालं.

“बिघडलंय हे,” ते सांडभोरवर ओरडले. “दुरुस्त करा. मी खुणेचा माणूस आहे.”

“बिघडलेलं नाही,” सांडभोर घाईनं पुढे आला. “एक मिनिट, थांबा तिथंच.” त्यानं कमानीखाली पाऊल टाकलं, आणि कमान अशी कोकलली की पारावरची कबुतरं उडाली. परीटघडीचा झब्बा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत निळा पेटला.

 मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्याला बाहेर ओढायला पहारेकरी धावला, तोही निळा. दुसरा धावला, तोही. कॅशियर गंमत म्हणून गेला, निळा. यमुनाबाई पदर सावरून शांतपणे गेल्या, निळ्या. मग रांगच लागली. उजेडात जायचं, पेटायचं, आणि बाहेर येऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं. दिवाळीपासून कमानीच्या वाऱ्याला उभी न राहिलेली माणसं छाती काढून जात होती. कमानीचा घसा बसायची वेळ आली. सगळ्या कोंडपेठेत आत जायला लायक असा एकच माणूस निघाला, आणि तो आत उभा राहून संतापानं थरथरत होता.

“तहसीलदारसाहेब,” तात्या आतून म्हणाले, “नियमानं मी आत आहे. परंपरेच्या वेशात आहे. रहाड उघडतो मी. पण फळ्या उचलायला माणसं लागतात. आणि तुम्ही समक्ष असायला लागता.”

तहसीलदारांनी कमानीकडे पाहिलं. स्वतःच्या केशरी बुशकोटाकडे पाहिलं. भला माणूस होता, पण आपण निळे दिसतो हे त्याला त्या दिवशीच्या फोटोत नको होतं.

“सांडभोर,” ते म्हणाले, “कोर्टात तुम्ही काय सांगितलं होतं? तोंड पाहत नाही, नाव विचारत नाही?”

“हो साहेब, पण…”

“मग या नियमानं तुम्हीही वर्षभर बाहेर. मीही बाहेर. कोर्टाचा हुकूम पाळायचा कुणी?” त्यांनी रुमालानं कपाळावरचा रंग टिपला. रुमाल सुती होता. “बंद करा ती वस्तू.”

सांडभोरनं डोकं कलतं केलं, सरळ केलं, पुन्हा कलतं केलं. मग त्यानं खटका ओढला.

लोंढा आत आला. माती उकरली, फळ्या उचलल्या, घागरी रित्या झाल्या. तात्या कडेला उभे राहिले, पण उडी मारेनात.

“काय झालं आता?” यमुनाबाईंनी विचारलं.

“ओत,” तात्या म्हणाले. “माझ्यावर ओत. भरपूर ओत. सगळ्या गावाला खूण आणि मला नाही, हे चालणार नाही.”

यमुनाबाईंनी दोन तांबे ओतले. पाठीवरही. तेव्हा कुठे मानकऱ्यानं उडी मारली, आणि मागोमाग गाव पडलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. कोंडपेठेचे कपडे परटाकडे गेले, परटाकडून तालुक्याला. तालुक्याच्या बस डेपोतल्या गाद्या उजळल्या, मग जिल्ह्याच्या कचेरीतले पडदे. एका लग्नात नवरदेवापासून वाढप्यापर्यंत सगळे निळे निघाले, आणि फोटोवाल्यानं त्याचे जादा पैसे लावले. जिथे तिथे कमानी कोकलू लागल्या तेव्हा लोकांना त्या आवाजात झोपसुद्धा लागू लागली. शेवटी त्या गुपचूप उतरवल्या गेल्या. कोंडपेठेची कमान तांबटआळीनं भंगारात घेतली. तिच्यावर आता दुधीचा वेल चढवलाय.

पण त्या संध्याकाळी, हे सगळं व्हायच्या आधी, सांडभोर केशरी झब्ब्यातच तांबटांच्या ओट्यावर आला. इंदू तिथे पायरीवर बसून केस पुसत होती. रहाडीत तिनंही उडी मारली होती, कित्येक वर्षांनी.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “हे तुमचं काम आहे. तुम्ही यांना शिकवलंत.”

“मी?” इंदू म्हणाली. “मी उकळू नको म्हणून सांगितलं. निक्षून सांगितलं. वहिनी होत्या, अर्धी आळी होती. विचारा कुणालाही.”

“खरंय,” यमुनाबाई म्हणाल्या. “दोनदा सांगितलं तिनं. ह्यांनीच ऐकलं नाही.”

आळी मान हलवत राहिली. सांडभोर त्या सगळ्या केशरी तोंडांकडे बघत उभा राहिला, आणि साखरेचा चहासुद्धा न घेता निघून गेला.

 तात्यांनी सदऱ्याची ओली बाही नाकाशी नेली, पळसाचा वास घेतला आणि तिरक्या डोळ्यानं बहिणीकडे पाहिलं.

“इंदे, तू या घरात वाढलीस.”

“हो.”

“रंग शिजवल्याशिवाय रहाडीत पडत नाही, हे तुला ठाऊक होतं. जोड उकळीतून गरमच काढतात, हेही ठाऊक होतं.”

“असेल.”

“आणि मला कुणी नको म्हटलं की मी काय करतो, तेही.”

इंदू केस पुसत राहिली. टॉवेलाआडून तिचं तोंड दिसत नव्हतं. खांदे मात्र हलत होते.

तात्यांनी हातोडी उचलली, उगीच एकदा हंड्यावर वाजवली आणि खाली ठेवली.

“पुढच्या वर्षी काय करू नको,” ते म्हणाले, “ते आत्ताच सांगून ठेव.”